गालातला तुतारीवाला

शब्दकोशात चार ओळींत आटोपणारा शब्द व्यवहारात हजारो माणसांना कोड्यात पाडू शकतो. २०२४ साली महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह दिले. रायगडावर त्याचे वाजतगाजत अनावरण झाले. लोकसभेच्या मतदानाच्या वेळी मात्र एक निराळीच अडचण उभी राहिली. अपक्षांसाठी राखलेल्या चिन्हांत 'ट्रम्पेट' नावाचे एक चिन्ह होते आणि त्याचेही मराठी नाव 'तुतारी' असेच छापलेले होते.

चित्रे दोन, वाद्ये दोन, नाव मात्र एक! एका चित्रात वाकदार तुतारी उंच धरलेला माणूस, तर दुसऱ्यात नुसते सरळ, तोंडाशी पसरट वाद्य. कार्यकर्ते त्याला 'पिपाणी' म्हणू लागले. साताऱ्यात या पक्षाचा उमेदवार सुमारे ३२ हजार मतांनी हरला आणि तिथे पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते पडली. दिंडोरीत पक्षाचा उमेदवार निवडून आला, पण तिथेही पिपाणीला एक लाखाहून अधिक मते मिळाली. नावामुळे मतदारांचा गोंधळ झाला, असे म्हणत पक्षाने आयोगाकडे तक्रार केली. कोणाची किती मते खरोखर चुकून गेली, हे मतदानयंत्र सांगत नाही. पण एका शब्दाचे भाषांतर किती महाग पडू शकते, याची चर्चा त्या उन्हाळ्यात गावोगावच्या पारावर झाली.

मुळात इंग्रजीतला ट्रम्पेट आणि आपली तुतारी ही एकाच कुळातली भावंडे. दोन्हींत वाजवणाऱ्याचे ओठ थरथरतात आणि त्या थरथरीचा आवाज नळीतून मोठा होऊन बाहेर पडतो. शंख आणि शिंग यांचेही तसेच. सनईचे कूळ वेगळे. तिच्या तोंडाशी पात असते आणि थरथरण्याचे काम ती पात करते. खरी पिपाणीही या पातीच्या कुळातली. म्हणजे ट्रम्पेटला पिपाणी म्हणणे हे शास्त्राला सोडून झाले. पण लोकभाषा शास्त्र विचारून शब्द ठरवीत नाही. लहान दिसते, सरळ दिसते, जत्रेतल्या पिपाणीसारखे दिसते, एवढे तिला पुरते.

तुतारीला ना भोके असतात ना कळा. फुंकर कमीजास्त करून तिच्यातून मोजकेच स्वर निघतात. युरोपातला ट्रम्पेटही शेकडो वर्षे असाच होता. १८१८ साली बर्लिनमध्ये कळांच्या युक्तीचे पेटंट घेतले गेले आणि त्यानंतर ट्रम्पेटवर सगळे स्वर सहज वाजू लागले. त्याआधी वाजवणाऱ्याच्या हाती असायचे ते मोजकेच स्वर. एवढ्या स्वरांत बैठकीचे गाणे कसले होणार? पण निरोप मात्र उत्तम पोचवता येतो. उठा, चला, थांबा, मागे फिरा. धुळीत, धुरात, घोड्यांच्या टापांत माणसाची हाक विरून जाते, तिथे तुतारी ऐकू येते.

म्हणूनच 'ट्रम्पेटर' या शब्दाचा पहिला अर्थ वादक असला, तरी त्याला चिकटलेला दुसरा अर्थ निरोप्याचा, दवंडी देणाऱ्याचा आहे. प्राचीन ग्रीसमध्ये या कामाला एवढा मान होता, की इसवी सनपूर्व ३९६ पासून ऑलिम्पिकमध्ये तुतारीवाल्यांची आणि पुकारा करणाऱ्यांची स्पर्धा होऊ लागली. धावपटूंची, मल्लांची नावे जगाला मोठ्या आवाजात सांगायची, ती सांगणारा माणूसही तितक्याच तोलामोलाचा हवा, असा तो विचार.

आपल्याकडेही हा मान अजून टिकून आहे. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाला, म्हणजे १७७३ साली उभारलेल्या घोडदळाला, राष्ट्रपती स्वतः चांदीची तुतारी आणि तिच्यावर लावायचे निशाण प्रदान करतात. हा मान भारतीय सैन्यात या एकाच दलाकडे आहे. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्यांदा अशी तुतारी दिली, तर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी. राष्ट्रपती बदलले की तुतारीही नवी येते. फुंकणारा दलातला एक जवान असतो. त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते आणि तशी अपेक्षाही नसते. श्वास त्याचा, निरोप राष्ट्राचा.

श्वास एकाचा आणि निरोप दुसऱ्याचा, ही तुतारीवाल्याची खरी ओळख. महाभारतातले चित्र याहून वेगळे आहे. कुरुक्षेत्रावर श्रीकृष्णाने पांचजन्य फुंकला, अर्जुनाने देवदत्त, भीमाने पौंड्र. प्रत्येकाचा शंख स्वतःचा, त्याला स्वतंत्र नाव, आणि जो फुंकतो तोच पुढे रणात उतरतो. तुतारीवाला मात्र लढत नाही. तो दुसऱ्यांना लढायला उठवतो. मग त्याच्या माथी युद्धाचा दोष येतो की नाही?

हा प्रश्न इसापनीतीने फार पूर्वी विचारला आहे. लढाईत एक तुतारीवाला शत्रूच्या हाती सापडतो. तो गयावया करून सांगतो, की माझ्याजवळ ना तलवार ना भाला, मी कुणाला बोटही लावलेले नाही, माझ्या हाती आहे ती एवढी पितळी नळी. त्यावर पकडणारे म्हणतात, तू स्वतः लढत नाहीस आणि इतरांना मात्र लढायला चेतवतोस, म्हणून तर तुला सोडायचे नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना त्या बिचाऱ्याची कीव येते. वय वाढले की पकडणाऱ्यांचे म्हणणेही पटू लागते.

नेमक्या उलट बाजूची कथा पोलंडमध्ये सांगतात. क्राकूव्ह शहरात सेंट मेरी चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, तुतारी वाजते. एकच धून, चार दिशांना चार वेळा. ऐकणारा रंगात येतो न येतो, तोच ती अधांतरी तुटते. तेराव्या शतकात तार्तारांची धाड आली, पहारेकऱ्याने शहराला जागे करण्यासाठी तुतारी फुंकली आणि धून पुरी होण्याआधीच त्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून आजही ती तिथेच थांबते, असे सांगतात. ही दंतकथा आहे. एरिक केली या लेखकाच्या १९२८ सालच्या 'द ट्रम्पेटर ऑफ क्राकूव्ह' या मुलांसाठीच्या कादंबरीने ती जगभर नेली. आज ही धून वाजवणारे शहराच्या अग्निशमन दलातले जवान असतात, आणि दुपारी बाराची धून पोलंडचा रेडिओ १९२७ पासून देशभर ऐकवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच पोलंडमधले सुमारे पाच हजार निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला येऊन राहिले होते, हे जुन्या कोल्हापूरकरांना आठवत असेल.

इसापाचा तुतारीवाला लोकांना भांडायला उठवतो, क्राकूव्हचा तुतारीवाला लोकांना जीव वाचवायला उठवतो. दोघांच्या हाती वाद्य तेच. फरक पडतो तो निरोपाने.

इंग्रजीत हा शब्द माणसांपाशी थांबलेला नाही, पाखरांनाही मिळाला आहे. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या जंगलात 'ट्रम्पेटर' नावाचे कोंबडीएवढे, पाठ वाकवून चालणारे पक्षी आहेत. तिथल्या वस्त्यांमधून ते पाळतातही. परका प्राणी दिसला की ते ओरडून घर जागे करतात. म्हणजे पक्षी असूनही काम पहारेकऱ्याचेच! आपल्याकडे राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या माळावर हिवाळ्यात चिमणीएवढा 'ट्रम्पेटर फिंच' येतो. विणीच्या हंगामात त्याची चोच लालभडक होते. त्याचा आवाज मात्र नाकातून काढल्यासारखा, खेळण्यातल्या वाद्यासारखा असतो. मराठी माणसाने नाव ठेवले असते तर त्याला नक्कीच 'पिपाणीवाला' म्हटले असते आणि या वेळी ते बरोबरही ठरले असते.

सगळ्यांत मोठा ट्रम्पेटर म्हणजे उत्तर अमेरिकेतला ट्रम्पेटर हंस. वजन दहा-बारा किलोपर्यंत. त्याची श्वासनलिका छातीच्या हाडात शिरून वळसा घेते आणि मग बाहेर पडते. निसर्गाने त्याच्या अंगातच वळणदार तुतारी बसवली आहे. पिसांसाठी आणि कातड्यासाठी त्याची इतकी शिकार झाली, की १९३० च्या दशकात अलास्का वगळता अमेरिकेत त्याचे सत्तरसुद्धा पक्षी उरल्याची नोंद नव्हती. मग शिकारबंदी आली, तळी राखली गेली, पुढे अलास्कात काही हजार हंस सापडले आणि आज त्यांची संख्या साठ हजारांच्या घरात आहे. त्याच्या घशातला आवाज आता पुन्हा तळ्यातळ्यांवर ऐकू येतो.

या हंसाचे शास्त्रीय नाव 'सिग्नस बक्सिनेटर'. बक्सिना म्हणजे रोमन सैन्यातले वाकडे शिंग आणि बक्सिनेटर म्हणजे ते फुंकणारा. आता गंमत अशी, की वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारले, तर तो हा बक्सिनेटर तळ्यावर शोधणार नाही. तो स्वतःच्या गालावर बोट ठेवील! आपल्या गालात जो चपटा स्नायू असतो त्याचे नावच बक्सिनेटर, म्हणजे तुतारीवाला. तोंडात हवा भरून ती जोराने बाहेर सोडायची असली की हा स्नायू गाल आत ओढून धरतो. मेणबत्ती विझवताना, फुगा फुगवताना, चूल फुंकताना तोच राबतो.

त्याचे रोजचे काम याहून साधे आणि अधिक मोलाचे आहे. घास चावताना तो अन्न दातांखाली ढकलत राहतो. तान्हे मूल आईचे दूध ओढते तेव्हा त्याच्या इवल्या गालात हाच तुतारीवाला कामाला लागलेला असतो. तो असतो तोवर त्याची आठवण कुणाला होत नाही. चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा झालेल्या माणसाला विचारावे. घास गालात साठून राहतो, शीळ वाजत नाही, चूळ भरली तर पाणी ओघळते. मग घरच्यांना कळते, की एक मुका नोकर आजवर किती काम करीत होता.

व्यवसायाने ट्रम्पेट वाजवणाऱ्यांच्या गालाची तर कथाच वेगळी. जाझ संगीतातला प्रसिद्ध वादक डिझी गिलेस्पी (१९१७ ते १९९३) वाजवताना दोन्ही गाल बेडकासारखे फुगवायचा. शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात, की गाल असे फुगवू नका, ओठांवरचा ताबा जातो. गिलेस्पीने ते ऐकले नाही आणि तरी तो जगातल्या थोर वादकांत गणला गेला. नियम सगळ्यांसाठी असतात आणि अपवाद थोड्यांना पेलतात, एवढाच त्यातून धडा घ्यायचा.

आपल्याकडे ट्रम्पेट घरोघरी पोचला तो दोन वाटांनी. एक वाट लग्नाच्या वरातीतल्या बँडची. लाल-निळा गणवेश, सोनेरी झालर आणि पुढे ट्रम्पेट. दुसरी वाट हिंदी सिनेमाची, आणि ती बहुतांशी गोव्यातून आलेल्या वादकांनी घातली. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायला मिळे. तिथून ही मुले मुंबईला हॉटेलांच्या बँडमध्ये आणि मग ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत आली. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले ठळक नाव. लोक त्यांना 'चिक चॉकलेट' म्हणत आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखत. सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, यांच्या 'अलबेला' (१९५१) चित्रपटातल्या उडत्या चालींना चिक यांच्या वाद्यवृंदाची साथ होती. फ्रँक फर्नांड हेही ट्रम्पेटवाले. त्यांनी पुढे 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. ख्रिस पेरी ट्रम्पेट वाजवत आणि त्यांनी रचलेली कोंकणी गाणी गोव्यात आजही लग्नासमारंभात वाजतात.

ही नावे निदान उरली. त्यांच्यासोबत स्टुडिओत बसणाऱ्या कितीतरी वादकांची नावे तबकड्यांवर कधी छापलीच गेली नाहीत. गाणे गायकाचे, संगीत संगीतकाराचे, पडदा नायकाचा. मधल्या दहा सेकंदांत छातीचा भाता रिकामा करून अंगावर काटा आणणारा तुतारीवाला मात्र बिननावाचा. इथेही श्वास एकाचा आणि निरोप दुसऱ्याचाच.

कदाचित म्हणूनच मराठी वाक्प्रचारांनी तुतारीला जपले असावे. स्वतःची बढाई मारणाऱ्याला इंग्रजीत 'आपला ट्रम्पेट आपणच फुंकणारा' म्हणतात. मराठीने त्या कामी चामड्याची वाद्ये नेमली. आपण आपली टिमकी वाजवतो, आपले ढोल बडवतो, डंका पिटतो. फुंकायचे असते ते रणशिंग, नाही तर तुतारी, आणि ती काही तरी मोठे आरंभायचे असेल तेव्हाच. निवडणूक जाहीर झाली की वर्तमानपत्रे 'बिगुल वाजला' म्हणतात. 'शंख करणे' याचा अर्थ बोंब मारणे असा खाली आला, पण तुतारी अजून आपल्या जागी आहे.

ती जागा तिला मिळाली त्यात केशवसुतांचा वाटा मोठा. मालगुंडच्या कृष्णाजी केशव दामले यांनी १८९३ साली 'तुतारी' ही कविता लिहिली. देवळातली, दरबारातली, लग्नातली तुतारी त्यांनी हाती घेतली आणि जुन्या रूढींवर हल्ला चढवण्यासाठी वापरली. तोवर तुतारीवाला राजाचा निरोप सांगत असे. या कवितेपासून मराठीत तो स्वतःच्या मनातले सांगू लागला. तेव्हापासून 'तुतारी फुंकणे' म्हणजे बंडाची, नव्या विचाराची घोषणा करणे असा अर्थ रूढ झाला. २०१७ साली दादर ते सावंतवाडी धावणाऱ्या राज्यराणी गाडीला केशवसुतांच्या आठवणीने 'तुतारी एक्स्प्रेस' हे नाव मिळाले. रात्री दादरला या गाडीत सामान चढवणाऱ्या प्रवाशांपैकी किती जणांना ही कविता आठवत असेल, ते असो. पण कवितेच्या नावाने गाडी धावते, हे भाग्य फार थोड्या कवितांच्या वाट्याला येते.

आता तुतारीवाल्याचा जुना प्रश्न नव्या रूपात घरात आला आहे. तुतारी फुंकायला पूर्वी दमसास लागे, वर्षांची तालीम लागे. आज हातातल्या फोनवर बोट टेकवले की पुरते. सकाळी कुणी तरी पाठवलेला मजकूर दुपारपर्यंत काकांकडून मावशीकडे, मावशीकडून सोसायटीच्या गटात आणि तिथून आणखी दहा गटांत जातो. कुठल्या औषधाने काय बरे होते, कुठल्या वस्तीत मुले पळवणारे फिरताहेत, कोण कुणाविरुद्ध काय बोलले. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. मंगळवेढ्याकडची ती भिक्षेकरी माणसे पोटासाठी फिरत होती. त्या अफवा पुढे ढकलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी कुणाला बोटही लावले नव्हते. त्यांच्या हाती होता तो फक्त फोन. इसापाच्या तुतारीवाल्याने नेमके हेच सांगितले होते.

'मी फक्त पुढे पाठवले' हे उत्तर म्हणून पुरत नाही. निरोप आपला नसला तरी श्वास आपला असतो, आणि ज्याने श्वास दिला त्याच्याकडे काही प्रमाणात जबाबदारी येतेच. क्राकूव्हच्या मनोऱ्यावरचा जवान धून वाजवण्याआधी शहराकडे पाहतो. आग खरोखर लागली आहे का, हे पाहणे हे त्याच्या कामाचे पूर्वीपासूनचे अंग आहे. घरातल्या मोठ्यांनी मुलांना आणि अलीकडे मुलांनीही मोठ्यांना एवढीच सवय लावायची आहे. आधी पाहायचे, मग फुंकायचे.

तुतारीवाला प्रत्येकाच्या गालात जन्मापासून बसलेला आहे. तो सांगाल ते फुंकतो, नाही म्हणत नाही. मराठीत एक सोयीची म्हण आहे, गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. तुतारीला ती सोय नाही. एकदा वाजली की ती गिळून टाकता येत नाही.